माहेबूरच्या बाजाराला जाताना

मोखाडा

चि. नितीन,

सोमवारी तुझी हॉटेलची सुट्टी आणि तिकडे मॉरिशसात माहेबूरचा मोठा बाजारही सोमवारीच, म्हणजे योग बरा जुळला. जरूर जा. मात्र ऊन चढल्यावर नको, सकाळीच पोच.

एक सांगते. गेल्या गेल्या मोबाइल काढू नकोस. जव्हारच्या रस्त्याला पहिल्या पावसात आजी शेवळीची रानभाजी घेऊन बसायची, तेव्हा तू शेजारी पोत्यावर असायचास. मुंबईच्या गाड्या थांबत. कोणी फोटो काढी, कोणी जुडीमागे पाच रुपये कमी कर म्हणे. आणि शेवळी तर संध्याकाळपर्यंत खपली नाही की टाकूनच द्यायची! जी बाई मुकाट घेई, तिच्या पिशवीत आजी काकडाची मूठभर आंबट फळं टाकायची आणि सांगायची, "यात शिजव, नाहीतर घसा खाजंल." घासाघीस करणाऱ्यांना नुसती भाजी मिळायची. त्यांच्या घशाचं पुढं काय झालं, देव जाणे.

तेव्हा आधी काहीतरी विकत घे, मग बोल. शेवग्याचा पाला, दोडकी, कारली... पुष्कळ ओळखीचं दिसेल तुला. 1834 पासून करारावर उसाच्या मळ्यांत नेलेल्या मजुरांच्या वंशजांचा हा मॉरिशस देश. त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसंही होती. पोर्ट लुईला ते जिथं उतरत तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे. तोही कधीतरी बघून घे. बाजारात एखादी मराठी घराण्यातली आजीबाई भेटली आणि तिचं मराठी क्रिओलमध्ये अडखळलं, तर हसू नकोस. आपली बोली ऐकून नाशकात कॉलेजातली पोरं कशी हसायची, ते तुला ठाऊक आहे.

टोपल्या आणि शोभेच्या वस्तू घेताना कुठल्या आहेत ते विचार. पुष्कळशा मादागास्करहून येतात. त्या वाईट असतात असं नाही, पण मॉरिशसच्या म्हणून जादा पैसे कशाला? वारलीच्या नावाखाली कुठंतरी छापलेल्या पिशव्या आपण मुंबईत बघतोच की. कुठलं ते विचारणं म्हणजे भाव पाडणं नव्हे. ज्यानं हातानं विणलंय, तो आनंदानं सांगतो. त्याच्याशी मात्र घासाघीस नको.

भूक लागली की दालपुरी खा, जोडीनं मिळते. उभ्यानंच खावी लागेल, कपडे सांभाळ. तुझ्या आईच्या पुरणपोळीशी तुलना करशील, ती मनातल्या मनात कर.

आणि माझ्यासाठी टोपी-बिपी काही नको. माहेबूरमध्येच 1870 पासून कसाव्याची बिस्किटं करणारा कारखाना आहे, तिथला एक पुडा आण. तुझ्या बाबाला नागलीच्या भाकरीपुढं जगात कशाचं कौतुक नाही. बघू तरी काय म्हणतो.

तुझी,
आत्या