वसईच्या विहिरी आणि उद्याचा पंप

वसई तालुक्याची पश्चिमेकडील बागायत, म्हणजे अर्नाळा-आगाशीपासून नाळे, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज या गावांवरून दक्षिणेस वसई किल्ल्याच्या बाजूपर्यंत पसरलेला वाड्यांचा पट्टा, प्रामुख्याने विहिरीच्या पाण्यावर उभी आहे. केळी, पानवेल, भाजीपाला, फुलझाडे व नारळ ही तेथील पिके होत. १८६७ साली विरारहून मुंबईस जाणारी लोकल गाडी सुरू झाली, व पहाटे तोडलेला माल त्याच दिवशी मुंबईच्या बाजारात नेणे शक्य झाले. तेव्हापासून या बागायतीचा धंदा पाणी आणि गाडी या दोहोंवर चालत आला आहे. गाडीविषयी पुष्कळ बोलले जाते. पाणी वर काढण्याच्या साधनाविषयी मात्र तितके बोलले जात नाही. हे साधन आता पुन्हा एकदा बदलत आहे. हा बदल वाडीच्या बांधाशी येऊन ठेपण्यापूर्वी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व बागायतदारांनी त्याचा नीट विचार करावा, या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

पूर्वी वाडीतील पाणी रहाटाने उपसले जाई. लाकडी चाक, त्यावरून फिरणारी दोराची माळ, माळेला बांधलेले लोटे आणि गोल फिरणारा बैल अथवा रेडा, असे ते साधे यंत्र होते. घरातील एक माणूस, पुष्कळदा शाळेच्या वयाचा मुलगा, जनावरामागे राही. दुसरा पाटाच्या तोंडाशी उभा राहून आळ्याआळ्यांत पाणी वळवी. रहाटाची करकर थांबली की शेजाऱ्यासही समजे की अमक्याची विहीर आता विसावली. जोडी जुंपलेला चांगला रहाट ताशी सुमारे १० हजार लिटर पाणी काढी. एका जनावराचे काम त्याहून कमी होई. दोन-तीन तासांनी जनावर थकले म्हणजे ते सोडावेच लागे, आणि तेवढ्या अवधीत झऱ्यांनी विहीर पुन्हा भरून येई.

याचा अर्थ असा की विहिरीस विसावा केव्हा द्यावयाचा, हे जनावराच्या थकव्यावर ठरे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्याशी निगडित आहे. रहाटाचे गोडवे गाण्याचा येथे मुळीच हेतू नाही. त्यापायी मुलांची शाळा बुडे, जनावराच्या वैरणीस वर्षभर खर्च येई व घरातील दोन माणसे रोज अडकून पडत. रहाट गेला हे चांगलेच झाले.

त्याच्या जागी प्रथम तेलाचे इंजिन आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, व १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. महाराष्ट्रातील विहिरींवर इंजिनाची ठकठक ऐकू येऊ लागली, यात अशा स्वदेशी कारखान्यांचा मोठा वाटा आहे. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, गावोगाव तारा पोहोचल्या आणि इंजिनाची जागा विजेच्या मोटारीने घेतली. इंजिन थकत नाही. परंतु डिझेल संपते व त्यास रोख पैसा मोजावा लागतो. मोटारीस डिझेल नको. परंतु वीज जाते आणि बिल येते. जनावराच्या थकव्याचे काम अशा रीतीने आधी इंधनाच्या खर्चाने व नंतर भारनियमनाने केले. शेतकऱ्यास हे अडथळे जाचक वाटले व ते जाचक होतेच. तथापि त्यांनी विहिरीस थोडीफार उसंत दिली.

थोडीफार म्हणण्याचे कारण आकड्यांवरून समजेल. ३ अश्वशक्तीचा पंप १० मीटर उंचीपर्यंत ताशी ३० ते ४० हजार लिटर पाणी काढू शकतो. ४ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाण्याची १ मीटर उंची म्हणजे सुमारे साडेबारा हजार लिटर पाणी होय. झऱ्यांची आवक जमेस धरली, तरीही असा पंप तासाभरात पातळी २ मीटरहून अधिक खाली नेऊ शकतो. डोंगराळ भागात असे झाले तर विहीर कोरडी पडते आणि शेतकरी आपोआप थांबतो. वसईत विहीर कोरडी पडण्यापूर्वीच पाणी मचूळ होऊ लागते, आणि ते डोळ्यांस दिसत नाही.

असे का होते, हे कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस समजावून सांगितले पाहिजे. वसईच्या पट्ट्यास पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणेची खाडी आहे. येथे पाऊस वर्षाकाठी २००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. तो वालुकामय जमिनीत मुरतो व खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर होऊन राहतो, कारण गोडे पाणी वजनाने हलके असते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे चाळिसाव्या हिश्शाने जड आहे. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची १ फूट उंची असेल, तर तिच्या भाराने खारे पाणी सुमारे ४० फूट खाली दाबलेले राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी युरोपातील घिबेन व हर्झबर्ग या दोन अभ्यासकांनी हे स्वतंत्रपणे दाखवून दिले. खाली कातळ असेल तेथे हे गणित तंतोतंत लागू पडत नाही. परंतु त्यातील इशारा स्पष्ट आहे. वरची पातळी १ फूट कायमची उतरली, तर खालचे खारे पाणी कित्येक फूट वर चढू पाहते. जोराच्या उपशाने तर ते नेमके विहिरीच्या खालीच शंकूसारखे उचलले जाते. एकदा वर आलेला खारटपणा मागे हटावयास एखादा पावसाळा, कधी अनेक पावसाळे लागतात.

पंप केवळ पिकासाठीच चालतो असेही नाही. १९८० नंतरच्या काळात नालासोपारा व वसई रोडच्या बाजूस इमारती झपाट्याने वाढल्या, त्यांस नळाचे पाणी पुरेना, आणि वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. रहाटाच्या काळात असा व्यापार कोणाच्या मनातही आला नसता. साधन बदलले आणि नवा धंदा उभा राहिला. पट्ट्यातील गावकऱ्यांनी यास विरोध केला, व हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत पाण्याचा प्रश्न अग्रभागी राहिला. ज्याने पाणी विकले त्यास पैसा मिळाला. मचूळ पाणी मात्र शेजाऱ्याच्या विहिरीसही आले, कारण खालचा थर बांध ओळखीत नाही.

आता चौथे साधन येत आहे, ते सौरपंपाचे. केंद्र शासनाची कुसुम योजना २०१९ साली सुरू झाली, व महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजना जाहीर केली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के ठेवण्यात आला. या पंपास डिझेल नको, बिल नाही, आणि तो दिवसा चालत असल्याने रात्री अंधारात विहिरीवर जाण्याचा धोका टळतो. सर्प, विजेचा झटका व झोपमोड यांतून शेतकऱ्याची सुटका करणारे हे साधन स्वागतार्हच आहे.

परंतु जनावराचा थकवा, डिझेलचा खर्च व विजेचे बिल या तिन्ही अडथळ्यांपैकी एकही आता उरत नाही. चांगल्या उन्हात ३ अश्वशक्तीचा सौरपंप उथळ विहिरीतून दिवसाला लाखाहून अधिक लिटर पाणी काढू शकतो, आणि शेवटचा लिटरही पहिल्याइतकाच फुकट पडतो. फुकट पडणाऱ्या वस्तूचा मनुष्य हिशेब ठेवीत नाही, आणि यास शेतकरी अपवाद कसा असेल? त्यात मोबाईलवरून चालू-बंद होणारे स्टार्टर आले आहेत. वसईच्या पुष्कळ घरांतील कर्ता पुरुष सकाळच्या लोकलने मुंबईस नोकरीस जातो. तो आता गाडीत उभ्या उभ्या वाडीतील पंप चालू करू शकतो. ही सोय मोठी आहे व त्यामुळे नोकरी सांभाळून वाडी राखता येईल. मात्र त्या वेळी विहिरीत डोकावणारे कोणी नसते.

म्हणून पंप घेण्यापूर्वी गरजेचा हिशेब मांडावा. समजा, २० गुंठ्यांत दीड मीटर अंतरावर केळी आहे. अशी सुमारे ८९० झाडे बसतात. ठिबकाने दर झाडास सरासरी १५ लिटर दिले, तर दिवसाची गरज सुमारे साडेतेरा हजार लिटर होते. हे काम ३ अश्वशक्तीचा पंप अर्ध्या तासाच्या आत संपवितो. मग तो पाच-सहा तास का चालतो? कारण पाटाने पाणी सोडण्याची सवय रहाटाच्या दिवसांपासून चालत आली, ती पंपाबरोबर बदलली नाही. रेताड जमिनीत जादा पाणी मुळांखाली निघून जाते व बरोबर खतही नेते. लहान वाडीस मोठा पंप घेणे म्हणजे चहाच्या कपात हंडा ओतणे होय. २०२४ च्या योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप नेमून दिला आहे. त्याहून कमी क्षमतेचा पंप मागण्याची मुभाही आहे. बागायतदारांनी तिचा विचार अवश्य करावा, व सौरपंपाबरोबरच ठिबक बसवावे. आधी पंप व नंतर कधीतरी ठिबक, हा क्रम हानिकारक आहे.

विहिरीची आवक मोजणे सोपे आहे. विहिरीच्या आतील बाजूस मीटरच्या खुणा रंगवाव्या. सकाळी पातळी पाहून पंप चालवावा, पातळी २ मीटर उतरली की बंद करावा, आणि पाणी १ मीटर भरून येण्यास किती वेळ लागतो तो घड्याळावर पाहावा. ४ मीटर व्यासाच्या विहिरीस १ मीटर भरण्यास दोन तास लागले, तर आवक ताशी सुमारे ६ हजार लिटर समजावी. ही चाचणी ऑक्टोबरात व पुन्हा मे महिन्यात करावी. दोहोंतील फरक पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. मे महिन्यातील आकड्याप्रमाणे उन्हाळी पिकाचे क्षेत्र ठरवावे. फोनवरून पंप चालविणाऱ्यांनी पाणी ठराविक खुणेखाली गेल्यास पंप आपोआप बंद करणारा तरंगता स्विच अवश्य बसवावा. स्टार्टरच्या किमतीपुढे त्याची किंमत फार नाही.

पातळीइतकेच महत्त्व खारटपणास आहे. पाण्याची विद्युत वाहकता दर मीटरला ०.७ डेसीसायमनपेक्षा कमी असेल, तर कोणत्याही पिकास चिंता नाही. ३ च्या वर गेली तर बहुतेक भाजीपाल्यास ते पाणी घातक ठरते. मधल्या टप्प्यात घेवडा व केळी लवकर त्रास दाखवितात: पानांच्या कडा करपतात, वाढ खुंटते, आणि शेतकरी रोग समजून फवारणी करीत राहतो. नारळ पुष्कळ सोसतो, म्हणून नारळ हिरवा आहे यावरून पाणी चांगले आहे असे अनुमान काढू नये. खिशात मावणारे वाहकतामापक यंत्र आता मिळते. ते प्रत्येक बागायतदाराने घेण्याची गरज नाही. आळीतील दहा-बारा विहिरींस एक पुरे.

आणि येथेच शेजाऱ्यांचा संबंध येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत मोजते. त्याच महिन्यांत आळीतील सर्व विहिरींची पातळी व वाहकता एका वहीत, अथवा तरुणांच्या फोनवरील तक्त्यात, नोंदवावी. समुद्राच्या बाजूची विहीर आधी बिघडते, व तिचा आकडा वाढू लागला की आतील विहिरींनी उपसा कमी करावयाचा, असे आपसांत ठरवून घ्यावे. एकट्याने उपसा कमी केल्यास शेजाऱ्याचा पंप ते पाणी घेईल, ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच नोंद सर्वांची हवी.

पुनर्भरणाविषयी थोडेच सांगावयाचे आहे, कारण वसईस ते नवे नाही. वाड्यांतील बावखले हीच पूर्वजांची पुनर्भरणाची सोय होती. ती बुजविली गेली तेथील विहिरी आधी उतरल्या, असा जुन्या माणसांचा अनुभव आहे. उरलेली बावखले गाळ काढून राखावी. घराच्या १०० चौरस मीटर छपरावरून पावसाळ्यात दीड लाख लिटरच्या आसपास पाणी मिळू शकते. ते वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडावे, व पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहून जाऊ द्यावे.

पाण्याचा नमुना तपासणीस देताना पंप किमान पंधरा मिनिटे चालवून मग स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा खळखळून धुवावी व भरून घ्यावी. बाटलीवर विहिरीची खूण, तारीख, त्या वेळची पातळी व पंप किती वेळ चालला होता, हे लिहावे. पहिला नमुना मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी घ्यावा.