कढीगोळे करा, पण गोळे मोजून वाढा



मागे एका गटाच्या बैठकीत बचतीची वही लिहून झाली आणि सहज विषय निघाला, काल सांजीले काय केलं? एक मावशी म्हणाल्या, "कढीगोळे." शेजारच्या ताईनं विचारलं, "तुम्ही किती खाल्ले?" मावशी हसून म्हणाल्या, "पोट्ट्याहिले वाढता वाढता गोळे सरले. मंग मी कढी-भाकर खाल्ली." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण गाडीवर परत येताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून या अंकातला पाठ कढीगोळ्यांचा.

"कढीगोळे तं आमाले येतात, तू काय शिकवते?" असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, करायची रीत मी तुमच्याच चुलीजवळ बसून शिकले. पण त्या गंजात नेमकं काय शिजतं आणि ते कोणाच्या ताटात जातं, हे या वेळी आपण मिळून पाहू.

गोळे सगळीकडे असतात

उकळत्या रश्श्यात गोळे सोडायचे आणि एकाच भांड्यात जेवण करायचं, ही युक्ती फक्त वऱ्हाडाची नाही. जपानमध्ये 'सुइतोन' नावाचा प्रकार आहे. भाज्या घातलेल्या पातळ सारात गव्हाच्या पिठाचे गोळे सोडतात. दुसऱ्या महायुद्धात आणि १९४५ नंतरच्या टंचाईत तिथं तांदूळ मिळेना, तेव्हा कितीतरी घरं या सुइतोनवर जगली. आपली वरणफळं याच जातीची. उरलेल्या वरणात पाणी घालून उकळी आणायची, कणकेचे तुकडे सोडायचे, की पंधरा मिनिटांत जेवण.

कढीगोळे मात्र एक पाऊल पुढं आहेत, कारण इथं गोळाच डाळीचा आहे. डाळीत प्रथिनं असतात. अंगाची झीज भरून काढायला, पोराची वाढ व्हायला, बाळंतिणीला दूध यायला प्रथिनं लागतात. १०० ग्रॅम कोरड्या तूर किंवा हरभरा डाळीत साधारण २० ते २२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. एका बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतात. पोटात बाळ असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर त्याहून जास्त.

आणखी एक गोष्ट. जवारीत जे कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी असतं ते जवारीत असतं. म्हणून कढीगोळ्यांसोबत भाकर खाल्ली की दोन्ही एकमेकींची उणीव भरून काढतात. आपल्या आज्यांनी ही जोडी उगीच नाही लावली.

साहित्य (५ जणांसाठी)

गोळ्यांसाठी : हरभरा डाळ १५० ग्रॅम, तूर डाळ १०० ग्रॅम, हिरव्या मिरच्या ४-५, लसणाच्या ८-१० पाकळ्या, जिरं, हळद, मूठभर सांभार, मीठ.

कढीसाठी : आंबट ताक १ लिटर, पाणी अर्धा लिटर, बेसन ४ चमचे, जिरं, मोहरी, थोडे मेथीदाणे, हिंग, गोडलिंबाचा पाला, हळद, मीठ, फोडणीपुरतं तेल.

कृती

१. डाळी धुऊन ३-४ तास भिजवा. सकाळी वावरात जाताना भिजत घातली तरी चालते. उन्हाळ्यात मात्र दिवसभर ठेवली तर आंबते, तेव्हा दुपारी घाला.

२. डाळ चाळणीत पूर्ण निथळू द्या. मिरची, लसूण, जिरं घालून पाणी न टाकता जाडसर वाटा. पाटा असेल तर उत्तमच. मिक्सर असेल तर थांबून थांबून फिरवा. हळद, मीठ, सांभार मिसळा आणि छोट्या लिंबाएवढे २५ गोळे वळा.

३. बेसन आधी थोड्या ताकात घोटून घ्या, गुठळी राहू देऊ नका. मग उरलेलं ताक आणि पाणी मिसळा.

४. मोठ्या गंजात फोडणी करा. ताक ओता आणि पहिली उकळी येईपर्यंत सराट्यानं सारखं हलवत राहा. हात थांबला तर कढी फाटते. मीठ उकळी आल्यावर घाला.

५. कढी खळखळ उकळू लागली की आधी एकच गोळा सोडून बघा. तो टिकला तर बाकीचे चार-पाच करून सोडा. सगळे एकदम टाकले तर उकळी बसते आणि गोळे फुटतात. सोडल्यावर दोन-तीन मिनिटं सराटा लावू नका.

६. आच मध्यम करून १२-१५ मिनिटं शिजवा. गोळे वर येऊ लागतात. एक फोडून बघा, आतून कच्ची डाळ दिसली नाही की झालं.

डाळ भिजलेली असेल तर चूल पेटवल्यापासून पाऊण तासाच्या आत हे सगळं होतं.

चुकलं तर

पहिला गोळा फुटला : वाटण पातळ झालं आहे. चमचा-दोन चमचे बेसन मिसळा आणि परत एक सोडून बघा.

गोळे दगडासारखे झाले : डाळ कमी भिजली किंवा गोळा फार दाबून वळला. पुढच्या वेळी हलक्या हातानं वळा, बारीक कांदा घाला.

कढी घट्ट झाली : गोळे पाणी शोषतात. वेगळं पाणी उकळून तेच घाला, गार पाणी नको.

ताक नाही : फोडणीत टमाटे शिजवून थोडी चिंच घाला, बेसन पाण्यात घोटून ओता आणि त्यात गोळे सोडा.

एका ताईंनी विचारलं होतं, "घरचं सोयाबीन वाटून टाकलं तर?" सोयाबीनमध्ये प्रथिनं डाळीपेक्षा कितीतरी जास्त असतात, पण कच्च्या सोयाबीनमधले काही घटक पचनाला आडवे येतात. म्हणून ते रात्रभर भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात चांगलं अर्धा तास उकळा आणि मगच वाटा. सुरुवातीला डाळीच्या चौथ्या हिश्श्याएवढंच घाला.

आता हिशोब

आपल्या गटात कर्जाचा हिशोब कोणाचा चुकत नाही, तसाच हाही करू. २५० ग्रॅम डाळ म्हणजे साधारण ५० ग्रॅम प्रथिनं. गोळे २५. म्हणजे एका गोळ्यात साधारण २ ग्रॅम. वाट्याला ५ गोळे आले तर १० ग्रॅम, दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा. आणि नुसती पातळ कढी आली तर त्यातलं फार थोडं.

त्या मावशी दिवसभर निंदण करून आल्या होत्या. डाळ त्यांनी भिजवली, त्यांनीच वाटली, आणि ताकद सगळी दुसऱ्यांच्या ताटात गेली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. याला कारणं पुष्कळ आहेत, पण शेवटी उरेल ते खाणं हे त्यातलं एक आहे. कढीगोळ्यांनी एकट्यानं रक्त वाढत नाही. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. डाळीतलं लोह अंगाला लागावं म्हणून जेवताना लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

वरण वाढताना कोणाला किती गेलं ते कळत नाही. गोळे मात्र मोजता येतात. म्हणून गंज चुलीवरून उतरवला की आधी स्वतःचे गोळे एका वाटीत काढून झाकून ठेवा, मग बाकीच्यांना वाढा. घरच्यांचं माप कमी होत नाही, फक्त तुमचं माप शून्य होत नाही. सासूबाईंची वाटीही अशीच बाजूला काढा. त्यांनीही वर्षानुवर्षं कढीच खाल्ली असेल.

पुढच्या बैठकीत बोलू

१. आपल्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवतं? त्या ताटात डाळ, भाजी, दूध किती उरतं?
२. या महिन्यात कढीगोळे केले तेव्हा तुम्ही स्वतः किती गोळे खाल्ले? आकडा सांगा, लाजू नका.
३. घरच्या तुरीतली वर्षभर पुरेल एवढी डाळ घरात ठेवून मग बाकी विकली, असं कोणी केलं आहे का? कसं जमवलं?

आकडे मी वहीत लिहून घेईन. त्या मावशींचा आकडा सगळ्यात आधी विचारणार आहे.

— तुमची क्षेत्र समन्वयक, पातूर