द्रवखतांच्या गळक्या टाक्या व त्यांची दुरुस्ती

ठिबक सिंचनाचा प्रसार झाल्यापासून द्राक्ष, डाळिंब व केळी यांच्या बागांतून खत देण्याची रीत पालटली आहे. पूर्वीं खत गाडीनें शेतांत जात असे. आतां तें पाण्यांत विरघळून नळीवाटे मुळांशीं जातें. त्यामुळें अनेक बागाइतदारांच्या विहिरीजवळ दोनचार प्लॅस्टिकच्या टाक्या उभ्या राहिल्या आहेत. एकींत द्रवखत, दुसरींत नळ्यांतील क्षार काढण्याकरितां अॅसिड, तिसरींत शेवाळ मारण्याकरितां क्लोरीनचें द्रावण. या टाक्या गळूं लागल्या म्हणजे काय करावें हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु टाकी विहिरीच्या काठीं असली म्हणजे तोच घरच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होतो. म्हणून त्याचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतों. दोन वर्षांपूर्वीं आमच्या फॉस्फोरिक अॅसिडच्या टाकीस तळाजवळ बोटभर लांबीची चीर दिसली. दोन भाग एकत्र मळून लावावयाचा लेप बाजारांतून आणून आम्हीं ती बुजविली. लेप दगडासारखा कठीण झाला, तेव्हां आम्हांस मोठें समाधान वाटलें. तिसऱ्या रात्रीं त्या लेपाची खपली अखंड सुटून पडली. सकाळीं पाहतों तों टाकी रिकामी, चौथऱ्याचें सिमेंट खाल्लेलें, आणि ओघळ विहिरीच्या कठड्यापासून चार हातांवर येऊन थांबलेला. विहीर वाचली ती जमिनीच्या उतारामुळें. आमच्या शहाणपणामुळें नव्हे.

या चुकीचें कारण असें कीं, अशा टाक्या बहुधा पॉलिएथिलीनच्या असतात, आणि या द्रव्याचें अंग मेणासारखें असल्यामुळें त्यास कोणताही सामान्य लेप किंवा डिंक धरून राहत नाहीं. पीव्हीसीच्या नळ्या जोडण्याचें सोल्यूशनही येथें निरुपयोगी आहे. द्रव्य कोणतें हें ओळखण्यास सोपी परीक्षा आहे. टाकीच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यांत टाकावा. पॉलिएथिलीन तरंगतें, पीव्हीसी बुडतें.

गळती कोठें आहे हें निश्चित केल्यावांचून दुरुस्तीस हात घालूं नये. टाकी बाहेरून धुवून कोरडी करावी, तोटीच्या सांध्याभोंवतीं व तळाशीं खडूची पूड भुरभुरावी आणि तासाभरानें पाहावें. जेथें पूड भिजली तेथें गळती. बहुतेक वेळां टाकीचें अंग निर्दोष असतें व दोष सांध्याच्या वायसरांत निघतो. साध्या रबराचा वायसर अॅसिडनें व क्लोरीननें कडक होऊन तडकतो. त्याऐवजीं ईपीडीएम नांवाच्या रबराचा वायसर घालावा. तेलकट औषधांस मात्र हें रबर चालत नाहीं, तें फुगतें. तेथें व्हायटॉनचा वायसर लागतो. वायसर टाकीच्या आंतील बाजूस बसवावा, नट हातानें आवळून पुढें पान्यानें अर्धा फेरा द्यावा व थांबावें. अधिक आवळल्यानें प्लॅस्टिक वांकतें आणि गळती वाढते. अॅसिडच्या टाकीस लोखंडी किंवा पितळी तोटी कधींही लावूं नये.

चीर अंगासच असेल तर तिचें कारण पाहावें. एक कारण ऊन. वर्षानुवर्षें उन्हांत राहिलेलें प्लॅस्टिक ठिसूळ होतें. दुसरें कारण खडबडीत चौथरा. तळाखालीं एक खडा राहिला तरी सर्व भार त्यावर येतो. तिसरें कारण वजन. पाण्याची म्हणून घेतलेली 500 लिटरची टाकी पाण्यानें भरली तर आंतील माल 500 किलो होतो. 85 टक्के फॉस्फोरिक अॅसिडनें भरली तर तोच सुमारें 840 किलो होतो. तेवढ्या भाराकरितां ती टाकी केलेलीच नसते. कारण कायम ठेवून चीर बुजविणें म्हणजे बांध फुटका ठेवून पाणी उपसणें होय.

साधी चीर, प्लॅस्टिक अद्याप लवचिक असल्यास, सांधतां येते. टाकी रिकामी करून तीन वेळां स्वच्छ पाण्यानें खळबळावी व तें पाणी विहिरीपासून दूर न्यावें. चिरेच्या दोन्ही टोंकांस बारीक भोंक पाडावें, म्हणजे ती पुढें धांवत नाहीं. चीर त्रिकोणी खांचेप्रमाणें खरवडून, त्याच जातीच्या प्लॅस्टिकची सळई गरम हवेच्या यंत्रानें वितळवून तींत भरावी. हें काम जाणत्या कारागिराकडूनच करवावें. कांहीं टाक्या क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनच्या असतात. त्यांस असा सांधा धरत नाहीं. सांधलेली टाकी पाण्यानें भरून चोवीस तास ठेवावी, आणि पुढें तिचा उपयोग पाण्याकरितांच करावा. तीव्र अॅसिड तींत पुन्हां भरूं नये. अंगावर बारीक रेषांचें जाळें दिसूं लागलें असेल तर टाकी टाकून देणें हाच काटकसरीचा मार्ग आहे.

सावधगिरीच्या चार गोष्टी प्रत्येक बागाइतदारानें गड्यांस नीट समजावून सांगाव्यात. टाकीच्या आंत कोणीही उतरूं नये व कोणास उतरवूं नये. आंतील वाफेनें माणूस हांक मारण्यापूर्वींच बेशुद्ध पडतो. अॅसिड पाण्यांत ओतावें, पाणी अॅसिडमध्यें ओतूं नये. अॅसिड व क्लोरीनच्या टाक्या एकाच खांचेंत ठेवूं नयेत. दोन्ही गळून एकत्र आल्यास विषारी वायु उत्पन्न होतो. अंगावर उडालेलें अॅसिड निदान पंधरा मिनिटें वाहत्या पाण्यानें धुवावें व लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

थेंबथेंब गळती क्षुल्लक मानणाऱ्यांनीं पुढील हिशेब पाहावा. सेकंदास एक थेंब, व वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरिला, तर दिवसास सुमारें सवाचार लिटर आणि महिन्यास सुमारें 130 लिटर खत जमिनींत जातें. पैसा गेला तो गेलाच. पण नायट्रेट पाण्याबरोबर खालीं झिरपत विहिरीपर्यंत पोहोंचतें. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें 45 मिलिग्रॅमहून अधिक नसावें असें भारतीय मानक आहे. अधिक झाल्यास लहान मुलांच्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति घटते, आणि तें पाणी उकळल्यानेंही नायट्रेट जात नाहीं.

म्हणून प्रत्येक टाकी विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगास, सपाट चौथऱ्यावर व सावलींत ठेवावी. तिच्याभोंवतीं टाकीहून थोडा अधिक माल मावेल असा बंदिस्त हौद असावा. अॅसिडकरितां त्यास आंतून प्लॅस्टिकचें अस्तर द्यावें. दर अमावास्येस सर्व सांधे हातमोजे घालून तपासावेत. आम्हीं ही शिस्त त्या सकाळनंतर लाविली. वाचकांनीं ती तशी सकाळ येण्यापूर्वींच लावावी, एवढीच विनंति आहे.