दोऱ्याने मोजा विमानाची वाट

पुणे-नाशिक रस्त्यावरील कळंबहून नाशिक किती दूर, हे रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड सांगतो. आकाशात असे दगड नाहीत. मग मुंबई-लंडन हे विमानाचे अंतर कसे काढावे? शाळेतला पृथ्वीगोल आणि हातभर दोरा एवढे साहित्य पुरे.

पृथ्वीगोलावर दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे लंडनवर धरा व दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. ह्या वाटेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. आता तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवा आणि त्याने किती अंश व्यापले ते मोजा. सुमारे ६५ अंश भरतील. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याला ३६० ने भागले, की एका अंशाचे १११ किलोमीटर येतात. म्हणून अंतर ६५ × १११ = ७,२१५, म्हणजे सुमारे ७,२०० किलोमीटर.

८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले. दोरा ह्या दोन थांब्यांवरून न्या. अंतर सुमारे ७,९०० किलोमीटर भरेल. थांब्यांमुळे वाट ७०० किलोमीटरने वाढली!

आता वेळ काढू. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून दुपारी १ वाजता सुटले आणि लंडनला सायंकाळी साडेपाचला उतरले. प्रवास साडेचार तासांचा झाला का? तसे असते तर वेग ताशी १,६०० किलोमीटर, म्हणजे ध्वनीपेक्षाही जास्त झाला असता. चूक कोठे झाली? आपण दोन वेगळ्या घड्याळांतील वेळांची वजाबाकी केली. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या मागे साडेपाच तास असते. उन्हाळ्यात तेथे घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो. विमान उतरले तेव्हा मुंबईत रात्रीचे ११ वाजले होते. म्हणजे प्रवास १० तासांचा. वेळ नेहमी एकाच घड्याळाने मोजावी.

परतीला मात्र बहुधा कमी वेळ लागतो. उंचावर बहुतेक वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. विमानाचा हवेतील वेग ताशी ८५० किलोमीटर आणि वाऱ्याचा ५० धरा. जाताना वारा समोरून येतो, म्हणून वेग ८०० आणि वेळ ९ तास. येताना वारा पाठीशी, म्हणून वेग ९०० आणि वेळ ८ तास. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि वाटेतली वळणे ह्यांचा वेळ वेळापत्रकात मिळवावा लागतो.

आता एक प्रयोग तुम्ही करा. कळंब, मुंबई आणि मेक्सिको सिटी ही तिन्ही ठिकाणे १९ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून सरळ पश्चिमेला गेले, की मेक्सिको सिटी येते. ह्या वाटेने रेखांशांतील फरक १७२ अंश. १९ अक्षांशावर एका अंशाचे सुमारे १०५ किलोमीटर होतात. म्हणजे अंतर १८,०६० किलोमीटर. आता पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. तो सुमारे १४१ अंश, म्हणजे १५,६५१ किलोमीटर भरेल. २,४०० किलोमीटर वाचले! दोरा कोणत्या प्रदेशावरून गेला, ते वहीत लिहा. पश्चिमेच्या गावाला जाणारी जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते, हे तुम्हांला तुमच्याच हातातला दोरा दाखवील.