सरवा आणि वतन

पवित्र शास्त्रांतील रूथाचें पुस्तक अवघ्या ४ अध्यायांचें आहे. एका बैठकींत वाचून होतें. म्हणूनच कीं काय, सासूवर माया करणाऱ्या सुनेची गोड गोष्ट एवढेंच समजून आपण तें मिटून ठेवतों. आमच्या मतें त्यांत याहून अवघड प्रश्न आहे. परक्या माणसाला आपलें म्हणणें म्हणजे नक्की काय करणें?

रूथ मवाब देशची. मवाबी मनुष्यास दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळींत घेऊं नये, असा निर्बंध अनुवादाच्या २३ व्या अध्यायांत आहे. अशा कुळांतली ही निपुत्रिक विधवा आपली सासू नामी हिच्याबरोबर बेथलेहेमास आली, तेव्हां सातूची कापणी सुरू झाली होती. पोटासाठीं ती कापणाऱ्यांच्या मागें सरवा वेचूं लागली. शेताचे कानेकोपरे कापूं नयेत, राहिलेला सरवा गरिबांसाठीं व परदेशीयांसाठीं सोडावा, असा लेवीयाच्या १९ व्या अध्यायांतला नियमच होता. शेताचा धनी बवाज नियमाच्याही पुढें गेला. पेंढ्यांतून मुद्दाम कणसें टाकण्यास त्यानें गड्यांना सांगितलें. सायंकाळीं वेचलेलें झोडपलें, तों एफाभर सातू निघाले.

विद्यार्थ्यांनी येथें थोडें थांबावें. एवढी दया झाली, तरी रूथ सरवा वेचणारीच राहिली. गड्यांच्या मुकादमानें तिची ओळख दिली ती मवाबी मुलगी म्हणून, आणि पुस्तकांत तिच्या नांवामागें ‘मवाबी’ हें विशेषण ५ वेळां लागलें आहे. दयेनें ती जगली. घर मात्र मिळालें नाहीं.

घर मिळालें तें दुसऱ्या नियमानें. गरिबीमुळें कोणी आपलें वतन विकलें, तर जवळच्या आप्तानें तें सोडवावें, असें लेवीयाच्या २५ व्या अध्यायांत आहे. अशा सोडविणाऱ्यास इब्री भाषेंत गोएल म्हणतात. तो नात्याचा हवा, मोल देण्यास समर्थ हवा, आणि राजीही हवा. बवाजाहून जवळचा एक आप्त होता. वेशीजवळ १० वडील मंडळींसमक्ष तो शेत घेण्यास तयार झाला. पण शेताबरोबर मवाबी रूथही पत्करावी लागेल व मृताचें नांव चालवावें लागेल, हें ऐकतांच आपल्या वतनाची नासाडी होईल म्हणून त्यानें जोडा काढून हक्क सोडला. (वतनाला इतक्या जपणाऱ्या या गृहस्थाचें नांव शास्त्रानें नोंदलेलेंच नाहीं!) बवाजानें दोन्ही पत्करलीं. त्यानंतर पुस्तकांत तिला कोणी मवाबी म्हणत नाहीं. ही सून सात मुलांहून अधिक, असें शेजारणी नामीला सांगतात.

ख्रिस्ती मंडळीला तारणाचा अर्थ या गोएलाच्या कृत्यांत दिसतो. स्वर्गांतून सरवा टाकूनही देवाला आमच्यावर दया करतां आली असती. पण सोडविणारा नात्याचा लागतो. म्हणून ख्रिस्त आमच्यासारखा रक्तमांसाचा झाला, आम्हांस भाऊ म्हणण्यास लाजला नाहीं, आणि त्यानें आपल्या प्राणाचें मोल दिलें. इफिसकरांस लिहितांना पौल याच आधारावर परक्यांना देवाच्या घरचे म्हणतो.

रूथेचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. आणि याच वंशावळींत मत्तयानें पुढें येशूचें नांव लिहिलें आहे. त्याच पहिल्या अध्यायांत बवाजाच्या आईचें नांव राहाब असें आहे. ती यरीहोची राहाब, म्हणजे तीही परकीच, असें मंडळी परंपरेनें मानीत आली आहे. तसें असेल, तर परदेशी बाईला गांवांत काय सोसावें लागतें, हें बवाजाला शेतावर नव्यानें कळलें नसावें.