स्थलनामातील संख्या : ‘दोदेकानिसा’

स्थलनामाचा शब्दार्थ आणि त्याचा प्रत्यक्ष निर्देश यांत अंतर पडू शकते. एजियन समुद्राच्या आग्नेय भागातील एका ग्रीक द्वीपसमूहाचे नाव या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

ग्रीक भाषेत ‘दोदेका’ म्हणजे बारा आणि ‘निसोस’ म्हणजे बेट. ‘दोदेका’ व संस्कृत ‘द्वादश’ हे सगोत्र शब्द होत. आपला ‘बारा’ही ‘द्वादश’पासूनच प्राकृतमार्गे आला. ‘दोदेकानिसोस’ हे जुने रूप स्त्रीलिंगी एकवचनी आहे. ‘पंचवटी’, ‘नवरात्र’ अशा द्विगु समासांप्रमाणे तेथे समूह एक मानला जातो. ‘दोदेकानिसा’ हे आजचे रूप मात्र नपुंसकलिंगी अनेकवचनी आहे.

व्युत्पत्ती इतकी सरळ असली, तरी ही बारा बेटे कोणती, हा प्रश्न उरतोच. आठव्या शतकातील बायझंटाइन साधनांत हे नाव येते ते डेलॉसभोवतीच्या सिक्लाडीस बेटांसाठी. आजच्या बेटांना तेव्हा ‘दक्षिण स्पोरेडीस’, म्हणजे विखुरलेली बेटे, म्हणत. १५२२ नंतर ऱ्होड्स व कॉस यांवर ऑटोमन सत्तेचा थेट अंमल बसला; इतर बेटांना करविषयक व स्वशासनाच्या सवलती मिळाल्या. तरुण तुर्कांनी १९०८ नंतर उरलेल्या सवलतीही काढून घेतल्या, तेव्हा ग्रीक वृत्तपत्रांनी त्या बारा सवलतधारक बेटांचा कैवार घेताना हे जुने नाव त्यांना लावले. नाव येथे भूगोलापेक्षा गाऱ्हाण्याचे वाचक झाले.

१९१२ मध्ये इटलीने ही बेटे जिंकली. इकारिया ग्रीसकडे गेले, कास्तेलोरिझो तूर्त बाहेर राहिले. त्यांच्या जागी ऱ्होड्स व कॉस, म्हणजे ज्यांना सवलती कधी नव्हत्याच ती दोन बेटे, मोजली जाऊ लागली. बाराची संख्या टिकली, पण घटक बदलले! पुढे हे नाव ग्रीसमध्ये विलीन होण्याच्या मागणीशी इतके एकरूप झाले, की मुसोलिनीच्या राजवटीने ‘एजियनमधील इटालियन बेटे’ असा पर्याय पुढे केला. तो रुजला नाही. १९४७ च्या पॅरिस तहाने बेटे ग्रीसकडे आली. आज त्यांतील प्रमुख बेटे पंधरा मोजतात; नावात मात्र बाराच आहेत.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एक संख्यावाचक स्थलनाम निवडा. त्याचा विग्रह करा आणि त्यातील संख्या आज प्रत्यक्षात कितपत जुळते, ते स्थानिक माहितीच्या आधारे लिहा.