शंभर टक्क्यांवर विसंबू नका

ड्रोनच्या स्क्रीनवर दिसणारी बॅटरीची टक्केवारी हिशेबाने काढलेली असते. हिशेबाची सुरुवातच चुकली तर तो शेवटपर्यंत चुकत जातो. फवारणीचा ड्रोन चालवणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावं, म्हणून हा अनुभव लिहितो आहे.

मागच्या हंगामात वाळवा तालुक्यात उसावर फवारणी चालू होती. माझ्या शेजारच्या गटात दुसरा एक पायलट काम करत होता. दिवस कलला होता आणि बांधाकडचा एक पट्टा तेवढा राहिला होता. मदतनीस पोराने गाडीतून बॅटरीची जोडी आणून लावली आणि म्हणाला, "दादा, शंभर दाखवतंय की." दहा लिटरची टाकी भरून ड्रोन उठला. काही फेऱ्या झाल्यावर वळणावर पंख्यांचा आवाज एकाएकी बदलला, ड्रोन डगमगला आणि उसात जाऊन पडला. त्या सरीत कुणी नव्हतं म्हणून निभावलं. एक आर्म आणि दोन पंखे मोडले, औषध सांडलं.

रात्री आम्ही दोघांनी लॅपटॉपवर त्या उड्डाणाचा लॉग उघडला. ड्रोन खाली येताना टक्केवारी होती ५८ आणि व्होल्टेज ३८. जोडीत बारा सेल, म्हणजे सेलमागे ३.१७ व्होल्ट. बॅटरी संपलेली होती आणि स्क्रीन निम्म्याहून जास्त शिल्लक सांगत होती. चौकशी केल्यावर उलगडा झाला. तीच जोडी दुपारी अर्धी वापरून वाऱ्यामुळे काढली होती आणि भरलेल्या जोड्यांशेजारी ठेवली होती. धोक्याचा इशारा फक्त टक्केवारीवर लावलेला असल्यामुळे तो वाजलाच नाही.

असं का होतं, ते समजून घेऊ. फवारणीच्या बऱ्याच ड्रोनमध्ये साध्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या असतात. आपण किती भरलेलो आहोत हे त्यांना सांगता येत नाही. जोडी लावली की कंट्रोलर ती पूर्ण भरलेली आहे असं गृहीत धरतो आणि तिथून पुढे किती करंट गेला ते वजा करत जातो. अर्धी बॅटरी लावली तरी सुरुवात शंभरापासूनच. स्मार्ट बॅटरी स्वतःचा हिशेब स्वतः ठेवते, त्यामुळे ही चूक टळते. पण तिथेही आकडा अंदाजाचाच असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीने डीजेआयच्या टीबी-५० आणि टीबी-५५ या बॅटऱ्यांबाबत सावधगिरीची सूचना काढली होती. पुरेशी बॅटरी शिल्लक दिसत असताना उडत्या ड्रोनची वीज पूर्ण गेल्याच्या घटना तिथे घडल्या होत्या.

दुसरं कारण बॅटरीच्या वयाचं. वेष्टनावर १६,००० एमएएच लिहिलेली बॅटरी वापरून वापरून १३,००० वर येते, पण कंट्रोलरमध्ये १६,००० च भरलेले राहतात. १२,८०० खर्च झाले की स्क्रीन २० टक्के शिल्लक दाखवते. प्रत्यक्षात उरलेले असतात २००. याच भरवशावर "अजून एक फेरी होईल" म्हणणारा पायलट किती धोक्यात आहे, ते या वजाबाकीवरून कळावं.

तिसरं कारण भाराचं. भरल्या टाकीने उडताना मोटारी जास्त करंट ओढतात आणि व्होल्टेज खाली दबतं. टाकी रिकामी होत गेली की भार कमी होतो, व्होल्टेज थोडं सावरतं, आणि बॅटरीत अजून दम आहे असं वाटायला लागतं. खाली उतरवून मीटर लावला तर आकडा आणखी वर चढलेला दिसतो. त्या आकड्यावर पुन्हा भरली टाकी उचलू नये. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. सेलमागे ६ मिलीओहम रोध आणि ७० अँपिअर करंट असेल, तर प्रत्येक सेल ०.४२ व्होल्टने दबतो. जमिनीवर ३.७ दाखवणारा सेल हवेत ३.२८ वर येतो. थंडीच्या सकाळी रोध आणखी वाढतो.

चौथी गोष्ट म्हणजे एकच कमजोर सेल. अकरा सेल ३.७ वर आणि एक ३.१ वर असला तरी एकूण व्होल्टेज ४३.८ दिसतं. सरासरी ठीक वाटते आणि तो एक सेल सगळ्यांना घेऊन पडतो. म्हणून एकूण आकड्यावर थांबू नका, सेल चेकर लावून एकेक सेल बघा.

आता मी पाळतो ते नियम सांगतो.

उडवण्याआधी प्रत्येक जोडी मीटरने मोजा. बारा सेलची पूर्ण भरलेली जोडी ५०.४ व्होल्ट दाखवते. ४९.८ च्या खाली असेल तर ती चार्जिंगला जाईल, ड्रोनला लागणार नाही. वापरलेल्या जोडीला, ती दोन मिनिटं उडाली असली तरी, लगेच लाल पट्टी बांधा आणि वेगळ्या पेटीत ठेवा.

इशारा व्होल्टेज आणि टक्केवारी या दोन्हींवर लावा. भाराखाली सेलमागे ३.५ व्होल्ट, म्हणजे जोडीला ४२ व्होल्ट झाले की मी परत फिरतो. मग टक्केवारी काहीही म्हणो.

प्रत्येक जोडीला नंबर द्या आणि वही ठेवा. उड्डाणात किती एमएएच खर्च झाले असं स्क्रीन म्हणते आणि चार्जरने पूर्ण भरताना प्रत्यक्षात किती घातले, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. स्क्रीनवर १२,००० आणि चार्जरवर १३,२०० असा फरक दर वेळी येत असेल, तर करंट सेन्सर कमी मोजतो आहे. तो कॅलिब्रेट करून घ्या. जुन्या जोडीची क्षमता कंट्रोलरमध्ये कमी करून भरा.

उतरलेली गरम बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. काही दिवस काम नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. भरून ठेवलेली बॅटरी लवकर खराब होते. फुगलेली बॅटरी एकदाही उडवू नका.

नमो ड्रोन दीदी योजनेतून देशातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले. नव्याने या कामात येणाऱ्या ताई आणि तरुण पोरं प्रशिक्षणात उड्डाण चांगलं शिकतात. बॅटरीची पारख मात्र रोजच्या नोंदीतूनच येते. शेतकऱ्याची घाई असते, पाऊस येईल म्हणून तो मागे लागतो, आणि एका पट्ट्यासाठी ड्रोन उतरवणं जिवावर येतं. तरीही उतरवा. भरलेला ड्रोन वीस किलोच्या वर असतो आणि खाली माणसं काम करत असतात. येत्या हंगामाआधी तुमच्याकडच्या सगळ्या जोड्या बाहेर काढा, एकेक सेल मोजा, नंबर टाका आणि वहीचं पहिलं पान लिहा.